काढ्याचा चोथा

चौकात कुणीतरी काढ्याचा चोथा टाकला होता. येणाऱ्याजाणाऱ्यांनी तुडवला की दुखणं त्यांच्या पायांबरोबर निघून जातं, म्हणून. वैद्य लुओ सवयीने वाकले आणि काठीच्या टोकाने तो चाळवू लागले. लोंगदानची मुळं, गार्डेनियाची फळं. अंगात साचलेली ओल आणि उष्णता काढणारा काढा. बायका नाजूक जागच्या खाजेवर घेतात. मग वेलीची एक चकती वर आली आणि काठी थांबली. दिसायला औषधातल्या वेलीसारखीच, पण ही दुसरी. मूत्रपिंडं कायमची जाळणारी.

"कुणाच्या घरचा हा?" त्यांनी मोमो विकणाऱ्या थांगकाकूंना विचारलं.

"इथल्या कुणाचा नाही. स्वतःच्या दाराशी कोण टाकेल, वैद्यबुवा? लांबून येऊन टाकतात."

ते धापा टाकत गावाच्या दुसऱ्या टोकाला, घरी पोचले.

"मेइछिन, बायकांमध्ये निरोप फिरव. जी कुणी खाजेवरचा काढा घेतेय तिने आजच थांबवावा. माझ्या दुकानातला नाही तो, भलत्याच कुणीतरी चुकीची वेल दिलीय. लाजेने बोलणार नाही आणि लाजेनेच मरेल बिचारी."

बायकोने सुजलेल्या बोटांनी चुलीवरच्या मडक्याचं झाकण घट्ट दाबलं.

"पण चवीला तर काही वेगळं लागत नाही हो," ती म्हणाली.