आजीची शेवटची ओळ

आजोबा तिसरीच्या बाकात काही मावेनात. शेवटी बाईंनी खिडकीपाशी स्टूल ठेवलं. नातीनं आपलं दप्तर उचललं आणि ती त्यांच्या पायाशी फरशीवरच बसली. फरशी गार होती, पण हलायला ती तयार नव्हती.

थंडी पडली की बाई शुक्रवारचा शेवटचा तास विणकामाला देत. प्रत्येकाला दोन सुया, एक लोकरीचा गुंडा आणि वीस टाके. घरचं कुणी मोठं माणूस शिकवायला आलं तर चालेल, असं त्यांनी वहीत लिहून पाठवलं होतं. आजोबा आले ते शिकायला. आज त्यांचा चौथा शुक्रवार.

"आजोबा, तुमचं विणकाम मांजरानं केल्यासारखं दिसतंय," मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

"मांजर बरं, त्याला निदान नखं असतात," आजोबा म्हणाले. वर्ग खिदळला.

सगळी हयात कुलपं दुरुस्त करण्यात गेलेली. जाड बोटांतून लोकर सारखी निसटायची. तरी त्यांनी हातातला चौकोन पुरा केला आणि बाईंपुढे धरला. बाईंनी तो ताणून पाहिला.

"जमलं की तुम्हाला!"

आजोबा त्याचीच वाट पाहत होते. त्यांनी पिशवीतून एक स्वेटर काढला. पिस्ता रंगाचा, लहानसा, नुसती पाठ, काखेपर्यंत विणलेली. टाके अजून सुईवर होते आणि सुईच्या टोकाला बूच खोचलेलं होतं.

"याची पुढची ओळ घालायची आहे," ते म्हणाले. "घरी घेऊन बसतो, पण हात उचलत नाही."

"आजीनं माझ्यासाठी विणायला घेतला होता," नात म्हणाली. "ती गेली तेव्हा मी पहिलीत होते. आता मला नाही होणार."

आजोबांनी मान हलवली. "तिला मी नेहमी म्हणायचो, कशाला डोळे फोडतेस, बाजारात मिळतो की विकत."

बाईंनी स्वेटर उजेडात धरला. बारीक, एकसारखे टाके. मग त्यांचं बोट थांबलं.

"शेवटच्या ओळीत चुकलंय. तीन टाके उलट पडलेत. एवढी ओळ उसवून नीट करून देते, मग तुम्ही..."

त्यांनी बूच काढलंसुद्धा. तेवढ्यात आजोबांचा तळवा स्वेटरवर आला.

"उसवू नका."

"पण चूक दिसेल, आजोबा."

"दिसू दे. हात थरथरत होते तिचे, तरी ती ओळ पुरी करूनच आडवी झाली."

स्वेटर बाईंनी आजोबांच्या मांडीवर ठेवला आणि पहिल्या टाक्यात सुई घालून दिली.

आजोबा विणू लागले. एकेक टाका घालायचे, थांबायचे, अंगठ्यानं चाचपायचे. नात ओठांतल्या ओठांत टाके मोजत होती. घंटा झाली. मुलांनी गुंडे डब्यात टाकले, टोप्या कानांवर ओढल्या आणि कलकलाट करत निघून गेली. आजोबांनी मान वर केली नाही.

त्या तीन टाक्यांपाशी मात्र ते थबकले.

"बाई, हे तीन मीही तिच्यासारखेच घालू?"

बाई खाली वाकल्या. "घाला. आणखी चार-पाच ओळी असंच केलंत तर चूक राहणारच नाही. नक्षी होईल."

"चार-पाच ओळी," आजोबा म्हणाले. "मला एका ओळीला एक शुक्रवार लागतो."

बाईंनी खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

"थंडी आहे अजून," त्या म्हणाल्या.