जिना काढलेली भिंत

कामगारांची वस्ती म्हणून जिला एकेकाळी नाकं मुरडली जात, ती दुमजली घरांची रांग आता सोन्याच्या भावाने विकली जाते. आम्ही तिच्यातलं टोकाचं घर घेतलं. बैठक मोठी व्हावी म्हणून भिंतीलगतचा लाकडी जिना काढून टाकला आणि मागच्या बाजूला लोखंडी जिना बसवला. लेक तीन वर्षांची. तिने एकटीने चढू नये म्हणून त्याला कुलपाचं दार केलं.

महिन्याभरात मोकळ्या भिंतीवर एक तिरका, काळसर पट्टा उमटला.

"ओल असेल," मी म्हणाले.

रंगाऱ्याने त्यावरून बोट फिरवलं. "ओल नाही ताई, हातांचा मळ आहे हा. दमलेला माणूस भिंतीला हात टेकत जिना चढतो ना, त्याचा."

"पण इथे आता जिनाच नाही."

"जिना काढलात खरा," तो हसला, "पण चढणाऱ्यांना सांगितलंत का?"

त्याने पुन्हा रंग दिला. पट्टा पुन्हा आला.

"भाव वाढतोय घराचा," नवरा म्हणाला, "आणि तू मळाचं काय घेऊन बसलीस!"

आज दुपारी लेक त्या भिंतीपाशी निळ्या खडूने रेघोट्या ओढत होती. मी स्वयंपाकघरातून परतले, तेव्हा खडू जमिनीवर पडला होता. काळ्या पट्ट्याखाली, माझ्या गुडघ्याच्या उंचीवरून निघालेला, एक निळा पट्टा तिरका वर जात छताला भिडला होता.

"आई, वर ये ना!" तिने माडीवरून हाक मारली.

मी मागे धावले. दाराला कुलूप होतं. किल्ली माझ्याच कमरेला होती.