मापावरची धार

"सगळं मापाने देता, मग पोटॅशियम वाढतंय कुठून?" डॉक्टर चिडले होते. "शेळीचं दूध हलकं असलं, तरी खराब किडनीला जास्त झेपत नाही, बाई." ललिता रात्रभर तळमळली, डाळ, भाजी, फळं, सगळं तिने आठवून पाहिलं. नवऱ्याला दूध तर रोज मोजून एकच माप. सकाळी आयटी पार्कमागच्या माळावरून शेळीवाला आला. ती पातेलं घेऊन फाटकाशी गेली. त्याने माप ओतलं. सवयीने तिने पातेलं तसंच धरून ठेवलं. सवयीनेच त्याने वर धार सोडली. येरवड्यात संसार मांडल्यापासून मापावर थोडं घेतल्याशिवाय तिने कुठल्याच दूधवाल्याला हलू दिलं नव्हतं. तिने झटकन पातेल्यावर तळहात ठेवला. दूध मनगटावरून ओघळलं. "चुकलं काय, ताई?" शेळीवाला गांगरला. "सायब आजारी हायत, म्हणून तर रोज वाईच जास्त घालतुया."