प्रात्यक्षिकाची चिठ्ठी

मुलांना युद्धाचा तिटकारा यावा म्हणून दहावीच्या इतिहासाला प्रात्यक्षिक ठेवलं होतं. चिठ्ठीत जी लढाई येईल, तिच्यातल्या एका सैनिकाचा एक तास यंत्रात बसून जगायचा. शेजारच्या निषादला मागच्या आठवड्यात भाल्याची लढाई आली. तेव्हापासून तो नीट झोपला नव्हता आणि भाजीच्या सुरीकडेही बघत नव्हता. म्हणूनच आज लेकीची, मुक्ताची पाळी असताना हेमलता सकाळपासून शाळेच्या फाटकाशी उभी होती.

मुक्ता पळतच बाहेर आली.

"कुठली आली गं?"

"सगळ्यात अलीकडची. खुर्चीत बसून पडद्यावरचे ठिपके टिपायचे. मी चाळीस टिपले, आई. सर म्हणाले, वर्गात पहिली."

हेमलताने तिचे हात हातात घेतले. ते जराही थरथरत नव्हते.

"त्या ठिपक्यांत माणसं होती ना?"

"असतील की. दिसत थोडीच होती?" मुक्ताने डबा उघडला. "निषाद अजून रडतोय म्हणे. भित्रा कुठला."

आठवडाभर हेमलताला निषादच्या आईची कीव येत होती. आता तिला त्या बाईचा हेवा वाटला.