सातशे वॅट

वरणगावच्या फॅक्टरीच्या गेटवर प्रेमराजने मोबाइल जमा करायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

आत मोबाइल चालत नाही. सकाळी दिला की संध्याकाळीच परत. म्हणून तो देण्याआधी रोज एकदा ॲप उघडायचा, रेघ बघायचा आणि मग निवांत कामाला जायचा.

आज रेघ उठलीच नव्हती.

ॲप सोलरचं होतं, आणि सोलर दीडशे किलोमीटरवर, धुळ्याचं देवपूर ओलांडून पुढच्या एका गावात, त्याच्या आईच्या घरावर. झुंबरबाई, साऱ्या गावाच्या अक्का, तिथे एकट्या राहायच्या. वय अठ्ठ्याहत्तर. मोबाइल चार्ज करायचा असतो हे त्यांना आठवड्यातून दोनदा आठवायचं.

दिवाळीनंतर शेहजाद नावाच्या सोलरवाल्याने ते बसवलं होतं. साधी, बिनबॅटरीची सिस्टीम त्याने आधी दाखवली आणि स्वतःच बाजूला सारली. म्हणाला, गावातली लाइट गेली की हीसुद्धा बंद पडते भाऊ, तुमच्याकडे ही भर उन्हात झोपा काढेल. मग बॅटरीची ठरली. झुंबरबाईंनी स्लॅबवर पॅनल म्हटल्यावर एकच विचारलं होतं, "मंग बिबड्या का तुना डोकावर वाळाडू?" शेवटी पॅनल जिन्याच्या खोलीवर चढवले आणि बिबड्यांची, त्या ज्वारीच्या पापडांची, जागा शाबूत राहिली.

इन्व्हर्टर मात्र प्रेमराजने हट्टाने भारीतला घेतला. घरात या घडीला किती वीज चालू आहे, ते त्यात मोबाइलवर दिसायचं. आईला त्याने हे कधी सांगितलं नाही.

रात्रभर फ्रिजचे सत्तर वॅट. सहाला पाण्याची मोटार, रेघ पाचशेवर. सातला घरगुती गिरणी, सातशे. बारानंतर कूलर, दोनशे. आकडे बघितले की त्याला आई घरात हिंडताना दिसायची.

आज साडेसात वाजले होते आणि आकडा सत्तरच होता.

आईचा फोन बंद. शेजारच्या गिरधरने उचलला नाही. प्रेमराज गेटवरूनच फिरला. क्वार्टरवर जाऊन त्याने बायकोला, सारिकाला, गाडीत घेतलं आणि मोबाइल तिच्या हातात दिला.

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या तेव्हा काटा शंभरवर होता. सारिका दर पाच मिनिटांनी सांगत होती, सत्तर. सत्तरच. तिने तरी काय सांगावं.

भुसावळला डिझेल भरताना मोबाइल वाजला. प्रेमराज टाकीपाशी उभा होता. सारिका खाली उतरली आणि हवा भरायच्या मशीनपर्यंत चालत गेली. पंपावर मोबाइलवर बोलू नये, अशी पाटी होतीच. बोलणं झाल्यावरही ती थोडा वेळ तिकडेच उभी राहिली.

"गिरधरभाऊ होते," गाडीत बसत ती म्हणाली.

"काय म्हणे?"

"अक्का घरमाच शे. जराशी नरम शे. तुम्ही या म्हणे, पन गाडी धीरे चालाडा."

प्रेमराजने गाडी रस्त्यावर घेतली. आठ वर्षांपूर्वी त्याचे वडील, कौतिक आबा, असेच जरासे नरम होते. हाच गिरधर, हेच शब्द. तो दारात पोचला तेव्हा तिरडी बांधून तयार होती.

काटा एकशेदहावर गेला. समोरून केळीचा ट्रक अंगावर आला आणि जेमतेम हातभर अंतराने निघून गेला.

"ॲप बघ," तो म्हणाला.

सारिकाने मोबाइलकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सातशे," ती म्हणाली.

"नीट बघ."

"सातशे वीस. आता सातशे दहा. गिरणी चालू केली वाटतं आईंनी."

प्रेमराजने भला मोठा श्वास सोडला. नरम असलेली बाई दळण घालून बसली होती. त्याने गिरधरला दोनचार शिव्या हासडल्या, आणि काटा साठवर आला.

पण भीती एकदा गाडीत बसली की लवकर उतरत नाही. जळगाव ओलांडताना त्याने पुन्हा विचारलं. गिरणी थांबलीय, मोटार लागली असेल, पाचशे, ती म्हणाली. एरंडोलला अजून पाचशे. एवढं पाणी कशाला, त्याला कळेना. सारिका म्हणाली, उन्हाळा आहे, टाकी रिकामी झाली असेल. आईला फोन लाव म्हटलं, तर तो बंदच होता.

पारोळ्याला ती म्हणाली, "दोनशे. कूलर."

"आत्ता? सव्वादहाला?" त्याचा पाय पुन्हा जड झाला. "बाराच्या आत ती कूलरला हात लावत नाही."

"ऊन बघा ना किती आहे," सारिका म्हणाली. "तुम्ही पुढे बघा."

तेही खरं होतं. काच तापून भट्टी झाली होती. पाय हलका झाला. पांझरेचा पूल गेला, देवपूर गेलं. दोनशेच, ती न विचारताच मध्येमध्ये सांगत राहिली. आता तोही थोडं बोलू लागला. पावसाळ्यात आईला वरणगावला न्यायचंच, तिथे क्वार्टरच्या गच्चीवर खुशाल बिबड्या घालू दे, म्हणाला. सारिका खिडकीबाहेर बघत होती.

गावाच्या फाट्यावर टरबुजांचा ढीग दिसला आणि त्याने गाडी बाजूला घेतली. मोकळ्या हाताने काय जायचं. इंजिन बंद केलं तेव्हा त्याला दिसलं, सारिकाचा पदर ओला होता.

"अगं, रडतेस काय? खमकी आहे म्हातारी."

आज उन्हाने किती युनिट दिले ते बघावं म्हणून त्याने तिच्या मांडीवरचा मोबाइल उचलला. भुसावळपासून तिने तो हातातून सोडला नव्हता. आता तिने अडवलं नाही.

रेघ पहाटेपासून सत्तरवर सपाट पडून होती. सातशे, पाचशे, दोनशे, असं तिच्यावर कुठेच काही नव्हतं.