गाडीभर माती

गोमाईकाठच्या त्या दोन गावांत दर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कुस्ती व्हायची, आणि ती गेल्या साली जिंकलेल्या गावाच्या आखाड्यात. हरलेल्या गावानं आपल्या आखाड्यातली गाडीभर माती जिंकलेल्या गावाच्या आखाड्यात ओतायची, हा रिवाज. कय्युम उस्तादांनी अशी अकरा वर्षं ओतली होती, तीही ताक, तेल आणि हळद घालून लोण्यासारखी मऊ केलेली. हरलो म्हणून खडे-ढेकळं द्यायची काय?

बाराव्या वर्षी, एकोणीसशे एकतीस साली, ते रिकामी गाडी जुंपूनच हिंमतराव पाटलांच्या गावात शिरले. बैलांची शिंगं रंगवलेली, आणि पुढं छाती काढून चालणारा त्यांचा पठ्ठ्या वाहिद.

हिंमतराव मिशीला पीळ देत हसले. "उस्ताद, रिकामी गाडी कसाले आणी? माती संगे आणता तं एक फेरा वाचता!"

"भरीसन लई जावाले," उस्ताद म्हणाले.

घटकाभरात वाहिदनं पाटलांच्या पहिलवानाला ढाक लावली आणि अस्मान दाखवलं.

हिंमतराव शब्दाचे पक्के. त्यांनी स्वतः फावडं हाती घेतलं, आखाड्यातल्या मऊ, पिवळसर मातीची पहिली पाटी भरली आणि गाडीपाशी आणली. उस्तादांनी चिमूटभर माती नाकाशी धरली, आणि पाटी उचलून परत आखाड्यात पालथी केली.

"ही आमनीच शे, पाटील. तुम्हनी खाले शे. आखो खोल खंदा."