ळचं दुसरं वळण

“आजकालच्या निबांत दमच नाही!” पेनं दुरुस्त करणारे काका करवादले. “आठवड्यातली ही पाचवी. ळच्या दुसऱ्या वळणावर शाई तुटतेच!”

निब धुऊन झाली होती, टोक घासून झालं होतं, शाईही बदलली होती. ते भिंग आणायला आत गेले, तेव्हा काकूंनी सहज तेच पेन उचलून ळ काढला. अखंड उमटला. उरलेल्या चारही पेनांनी काढला. एकही तुटला नाही. सकाळी काकांच्या हातून निसटलेला कप काकूंना आठवला. त्यांनी कागद चुरगळून मुठीत लपवला.

“तू बघ गं चालवून,” बाहेर येत काका म्हणाले.

काकूंनी नव्या कागदावर ळ काढायला घेतला आणि दुसऱ्या वळणावर पेन अलगद उचललं.

“निबच गेलीय हो.”